कोकणच्या हवेत सावरडो स्टार्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या ओट्यावरच्या बरणीतून चमचाभर स्टार्टर नेणाऱ्यांचे तीन-चार दिवसांनी फोन येतात. दापोली, गुहागर, मालवण, अलिबाग, कुठूनही फोन आला तरी प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. सावरडोबद्दल, म्हणजे दुकानातल्या यीस्टऐवजी अशा स्टार्टरने फुगवलेल्या आंबट पावाबद्दल, जे वाचायला मिळतं ते बहुतेक २१ ते २४ अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे वर्षातले कितीतरी महिने ओट्यावर २८ ते ३२ अंश असतात, त्यामुळे त्यातली कृती घ्या पण तास घेऊ नका.

१. सावरडो स्टार्टर म्हणजे नेमकं काय?

पिठाचं विरजण. पीठ आणि पाणी कालवून ठेवलं की धान्याच्या सालीवर आधीपासून असलेलं रानटी यीस्ट आणि आम्ल तयार करणारे जिवाणू (दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद) वाढायला लागतात. यीस्ट वायू सोडतं, त्याने पीठ फुगतं. जिवाणूंमुळे आंबटपणा येतो आणि त्या आंबटपणात नको ते जीव टिकत नाहीत. रोज थोडं काढून ताजं पीठ-पाणी घालत राहिलं की हे वर्षानुवर्षं चालतं. यीस्ट हवेतून पकडावं लागतं असं अनेकांना वाटतं, पण ते मुख्यतः पिठातूनच येतं. बरणी खिडकीत उघडी ठेवायची काही गरज नाही.

ज्या घरात आंबोळीचं पीठ आंबवतात त्या घराला हे शिकवायची फारशी गरज पडत नाही. थंडीत चुलीजवळ ठेवलेलं पीठ आणि मे महिन्यात संध्याकाळीच उतू जाणारं पीठ यांतला फरक आपल्या आयांना घड्याळ न बघता कळतो. स्टार्टरलाही तोच अंदाज लागतो.

२. दुकानात यीस्ट मिळतं, मग एवढा खटाटोप कशासाठी?

चवीसाठी आणि टिकण्यासाठी. यीस्टचा पाव दुसऱ्या दिवशी कोरडा होतो, आंबट पाव तीन-चार दिवस चांगला राहतो. आपल्या दमट हवेत बुरशीही त्याला जरा उशिरा लागते. घाई असेल त्या दिवशी खुशाल यीस्ट वापरा, त्यात कमीपणा नाही.

३. पीठ कोणतं घ्यायचं? गिरणीतून दळून आणलेलं चालेल का?

चालेल, आणि सुरुवातीला तेच सगळ्यात चांगलं. कोकणात गहू पिकत नाही, घाटावरून येतो. तरी तो आणून गिरणीत ताजा दळलेला असेल तर त्यात कोंडा असतो आणि आपल्याला हवे ते जीव कोंड्यावरच असतात. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, ते पूर्ण निवू द्या. त्यात पाचवा हिस्सा नाचणीचं पीठ घातलं तर स्टार्टर हमखास लवकर जागा होतो. मी तसंच करते. नुसत्या मैद्याने सुरुवात करू नका, फार वेळ लागतो. स्टार्टर एकदा तयार झाला की मग निम्मा मैदा, निम्मं गव्हाचं पीठ असं चालवा.

४. विहिरीचं पाणी घ्यायचं की नळाचं?

दोन्ही चालतात, फक्त क्लोरीन घालवून. नळाला वास येत असेल तर पाणी पसरट पातेल्यात रात्रभर उघडं ठेवा. पावसाळ्यात विहिरींत टीसीएल (क्लोरीनची, म्हणजे ब्लीचिंग) पावडर टाकतात, त्यामुळे एरवी चांगलं असलेलं विहिरीचं पाणीही त्या दिवसांत स्टार्टरला मानवत नाही. अशा वेळी पाणी दहा मिनिटं उकळा आणि पूर्ण गार झाल्यावर वापरा. जूनमध्ये स्टार्टर एकाएकी मंदावला असं कुणी सांगितलं की मी आधी विहिरीत पावडर कधी टाकली ते विचारते.

५. पहिल्या दिवसापासून काय काय करायचं ते क्रमाने सांगाल का?

काचेची बरणी, वजनकाटा आणि रबरबँड एवढं लागतं. वाटी-चमच्याच्या मापाने पहिल्यांदा करू नका. पीठ दाबून भरलं की सैल, यावर सगळं बदलतं.

पहिल्या दिवशी ४० ग्रॅम गव्हाचं पीठ, १० ग्रॅम नाचणीचं पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवा. बरणीच्या आतल्या कडा पुसून घ्या, झाकण सैल ठेवा. दुसऱ्या दिवशी नुसतं ढवळा. तिसऱ्या दिवसापासून रोज त्यातलं २० ग्रॅम ठेवून बाकीचं काढा आणि ठेवलेल्यात ४० ग्रॅम पीठ आणि ४० ग्रॅम पाणी घाला. पाचव्या दिवसानंतर फेस आणि फुगणं नीट दिसू लागलं की हेच सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा करा. मिश्रण भज्यांच्या पिठापेक्षा घट्ट आणि थापता येणार नाही इतपत सैल हवं. गिरणीचं पीठ पाणी जास्त पितं, म्हणून गरज वाटली तर ५ ग्रॅम पाणी वाढवा.

आपल्या हवेत साधारण सात ते दहा दिवसांत तो तयार होतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारवा असतो तेव्हा दोन आठवडेही लागतात. पहिल्या आठवड्यात काढलेलं पीठ खाऊ नका, ते माडाच्या आळ्यात टाका. पुढे काढलेल्याचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. दुसऱ्याच दिवशी भरभरून फुगला आणि चौथ्या दिवशी मेला. माझं काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नासाठी येतात आणि निम्मी माणसं याच दिवशी बरणी धुऊन टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. पहिला फुगवटा यीस्टचा नसतो. पिठातले वायू सोडणारे वेगळेच जिवाणू आधी घाईघाईने वाढतात, त्या वेळी वासही घाण येतो, कुजक्या भाजीसारखा. मग मिश्रण आंबट व्हायला लागलं की त्याच आंबटपणात ते मरतात आणि दोन-तीन दिवस सगळं निपचित दिसतं. आपल्याला हवं ते यीस्ट या शांत दिवसांत आतल्या आत वाढत असतं. रोजचं पीठ-पाणी चालू ठेवा. वास बदलून ताकासारखा यायला लागला की समजा गाडी रुळावर आली.

७. तयार झाला हे कसं ओळखायचं? पाण्यात तरंगायला हवा ना?

तरंगण्याच्या परीक्षेवर मी विसंबत नाही. गव्हाच्या पिठाचा स्टार्टर जड असतो, चांगला असूनही बुडतो. आणि काढताना चमच्याने वायू दाबला गेला तर मैद्याचाही बुडतो.

त्याऐवजी हे करा. पीठ-पाणी घातल्यावर त्या पातळीवर बरणीला रबरबँड लावा. २८-३० अंशांत एकास दोन प्रमाणात पीठ-पाणी घातलेला स्टार्टर चार-पाच तासांत दुप्पट व्हायला हवा, आणि तोही सलग तीन दिवस. एकदाच झालं तर ते धरू नका. वर चढत असताना त्याचा माथा घुमटासारखा असतो. मग तो सपाट होतो आणि मधोमध बारीकशी खळी पडते. बरणी बाजूने पाहिली तर काचेला लागून लहान-मोठी भोकं दिसतात, चमचा घातला तर धागे निघतात, आणि वास ताक व पिकलेलं केळं यांच्या मधला कुठेतरी येतो. खळी पडायच्या बेतात असताना तो पावाच्या पिठात घालायचा.

८. मे महिन्यात दोन-तीन तासांत फुगून बसतोसुद्धा. दिवसातून पाच वेळा पीठ घालत बसू का?

नाही. तापमान ८-१० अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. त्यातही यीस्टला साधारण २७ अंश सगळ्यात मानवतात आणि जिवाणूंना ३२-३३. म्हणून उन्हाळ्यात स्टार्टर नुसता वेगाने चालत नाही, तो आंबटही जास्त होतो आणि पाव फुगवायची ताकद कमी पडते.

पहिला उपाय म्हणजे जुना स्टार्टर कमी ठेवायचा. १० ग्रॅम स्टार्टरला ५० ग्रॅम पीठ आणि ५० ग्रॅम पाणी घाला, त्याला साधारण दुप्पट वेळ पुरेल एवढं खाणं मिळतं. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, तो म्हणजे घट्ट गोळा. १० ग्रॅम स्टार्टर, ५० ग्रॅम पीठ, २५ ग्रॅम पाणी. पोळीच्या कणकेपेक्षाही घट्ट मळा आणि बरणीत ठेवा. पाणी कमी असलं की सगळंच सावकाश होतं. एप्रिल ते जून माझा स्टार्टर असाच असतो. पाव करायच्या आदल्या रात्री त्यातला तुकडा पाण्यात कुस्करून सैल करून घेते. तिसरं, पीठ कालवायला फ्रीजमधलं पाणी वापरा.

बरणी माठाजवळ ठेवायचा सल्ला घाटावरच्या कोरड्या हवेसाठी ठीक आहे. आपल्या दमट हवेत माठाचंच पाणी धड गार होत नाही.

९. पावसाळ्यात वर बुरशी आली. वरचा थर काढून खालचं वापरू का?

नको, सगळं टाका. केसाळ डाग वर दिसतो, पण त्याचे तंतू खाली पसरलेले असतात. गुलाबी किंवा नारिंगी रेघ दिसली तरीही तेच, आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

माझी स्वतःची तीन वर्षांची बरणी एका जुलैत अशीच गेली. स्टार्टर चांगला होता, बुरशी त्याच्यावर नव्हतीच. वर काचेला पिठाचा ओघळ सुकला होता, बोटाएवढा, त्यावर राखाडी-हिरवी लव उगवली आणि तिथून खाली उतरली. मी तोंडाला मलमलचं फडकं बांधायचे. दमट हवेत तेही ओलसर राहायचं. तेव्हापासून तीन सवयी लावून घेतल्या. दर वेळी कडा ओल्या बोटाने साफ करते, आठवड्यातून एकदा बरणी बदलते, आणि फडक्याऐवजी सैल झाकण लावते. आंब्याच्या दिवसांत चिलटं फार होतात, तेव्हाही झाकणच बरं. मुंग्या येत असतील तर बरणी पाण्याच्या ताटलीत ठेवा.

१०. वर काळपट पाणी साचलंय, नेलपॉलिशसारखा वास येतोय. नासला का?

नाही, उपाशी आहे. पाणी ओतून टाका किंवा ढवळून घ्या आणि प्रश्न ८ मधल्या पहिल्या उपायाप्रमाणे दोन-तीन वेळा भरपूर पीठ घाला. नासण्याच्या खऱ्या खुणा प्रश्न ९ मध्ये दिल्या आहेत.

११. रोज एवढं पीठ टाकायला जिवावर येतं. काही करता येईल का?

माझ्याही येतं, आणि टाकायची गरजही नाही. स्टार्टर तयार झाल्यानंतर काढलेलं पीठ एका डब्यात फ्रीजमध्ये साठवा, आठवडाभर चालतं. त्यात तेवढंच तांदळाचं पीठ, मीठ, चिमूटभर मेथीपूड आणि लागेल तसं पाणी घालून अर्धा तास ठेवा आणि बिडाच्या तव्यावर जाडसर आंबोळ्या घाला. जाळी सुरेख पडते. काळ्या वाटाण्याच्या आमटीबरोबर आमच्याकडे हाच रविवारचा नाश्ता. थालीपिठाच्या भाजणीतही दोन चमचे घालता येतं.

मुळात कमी ठेवा. घरातल्या एका पावासाठी २० ग्रॅम स्टार्टर जिवंत असला तरी पुरतो. आदल्या रात्री त्यातूनच हवा तेवढा वाढवता येतो.

१२. फ्रीजमध्ये किती दिवस राहतो? आणि लाईट गेली तर?

पीठ-पाणी घालून, तासभर बाहेर ठेवून मग फ्रीजमध्ये टाकलेला सैल स्टार्टर एक-दोन आठवडे आरामात राहतो. घट्ट गोळा महिनाभरही राहतो. बाहेर काढल्यावर दोनदा पीठ घालून, तो नीट दुप्पट झाल्यावरच पावाला घ्या. पण स्टार्टर नवा असताना, पहिले दोन-तीन आठवडे तरी, फ्रीजमध्ये टाकू नका.

दिवसभर लाईट गेली तर काही होत नाही. जास्त दिवसांची पाळी आली तर स्टार्टरमध्ये कोरडं पीठ चोळत जा, शेवयांच्या चुऱ्यासारखं कोरडं होईपर्यंत, आणि डब्यात अजून कोरड्या पिठाखाली पुरून ठेवा. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती, तेव्हा माझा स्टार्टर असाच वाचला.

१३. तांदळाचा किंवा नुसत्या नाचणीचा स्टार्टर होतो का?

होतो, आंबतोही छान, पण गव्हासारखा फुगलेला दिसणार नाही. गव्हात ग्लुटेन असतं, ते फुग्याच्या रबरासारखा वायू धरून ठेवतं. तांदूळ-नाचणीत ते नसतं, म्हणून बुडबुडे येतात आणि फुटून जातात. पावासाठी गव्हाचाच ठेवा.

१४. आमच्याकडे ताजी माडी मिळते. ती घालून केला तर?

गोव्यात पूर्वी पावाचं पीठ माडीनेच, म्हणजे तिथल्या सुरेनेच, फुगवायचे आणि सान्नांना (तांदळाच्या, इडलीसारख्या वाफवलेल्या) ती आजही वापरतात. त्यामुळे कल्पना अगदी आपल्या मातीतली आहे. माडीत यीस्ट भरपूर असतं. पहाटे उतरवलेली माडी पाण्याऐवजी पहिल्या दिवशी वापरली तर पीठ काही तासांत फुगेल. फक्त त्याला तयार स्टार्टर समजू नका. ते यीस्ट माडीतल्या साखरेवर पोसलेलं असतं. पुढच्या रोजच्या पिठा-पाण्यात पिठातले जीव हळूहळू त्याची जागा घेतात. दहा दिवस कुणालाच चुकत नाहीत.

१५. पहिल्या पावाचं प्रमाण काय?

मैदा ३०० ग्रॅम, गव्हाचं पीठ १०० ग्रॅम, पाणी २६० ग्रॅम, फुललेला स्टार्टर ८० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम. परदेशी कृतीत पाणी बरंच जास्त असतं. आपल्या मैद्याला ते पेलत नाही, म्हणून इथून सुरुवात करा.

सगळं कालवून अर्धा तास झाकून ठेवा. मग दर अर्ध्या तासाने ओल्या हाताने चारही बाजूंनी पीठ ओढून मध्ये दुमडा, असं तीन-चार वेळा. ३० अंशांत साधारण चार तास धरा, पण लक्ष पिठाकडे ठेवा. दीडपट होण्याच्या जरा आधीच थांबा, कारण फ्रीजमध्ये गेल्यावरही गार होईपर्यंत ते फुगत राहतं. गोळा वळा, पीठ भुरभुरलेल्या फडक्यात गुंडाळून टोपलीत किंवा वाडग्यात रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बिडाची कढई ओव्हनमध्ये २३० अंशांवर ४० मिनिटं तापवा, गोळ्यावर ब्लेडने एक चीर देऊन आत ठेवा, वर स्टीलचं टोप उपडं घाला. २० मिनिटांनी टोप काढा आणि आणखी २० मिनिटं गडद तांबूस होऊ द्या. गार व्हायला दोन तास द्या. गरम कापला तर आत चिकट लागतो.

१६. ओव्हन नाही. मग?

मग तव्यावर करा. प्रश्न १५ मधल्या पिठाचे सकाळी लिंबाएवढे नाही, मोठ्या कांद्याएवढे गोळे घ्या, जाडसर थापा, अर्धा-पाऊण तास फुगू द्या आणि बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर प्रत्येक बाजू सात-आठ मिनिटं भाजा. कुकरमध्येही पाव होतो, पण वरचा पापुद्रा पांढरा राहतो. माझं मत विचाराल तर तव्याचा जास्त चविष्ट लागतो.

१७. पीठ सुटून पातळ झालं, पाव भाकरीसारखा चपटा. स्टार्टर कमजोर का?

आपल्याकडे दहापैकी आठ वेळा उलटं असतं. पीठ जास्त आंबलेलं असतं. कृतीत आठ तास लिहिले म्हणून आठ तास ठेवलं, असं ऐकायला मिळतं. जास्त आंबलेलं पीठ हाताला चिकटतं, ओढलं तर फाटतं, वास तिखट आंबट येतो. पुढच्या वेळी तासभर आधी थांबा, स्टार्टर ८० ऐवजी ४० ग्रॅम घ्या. उलट पाव जड आणि आतून एक-दोनच मोठी भोकं असलेला निघाला तर पीठ कमी आंबलं असं समजा. त्या वेळी स्टार्टरची ताकद प्रश्न ७ प्रमाणे तपासा.

जास्त आंबलेलं पीठ फेकू नका. तेल लावलेल्या थाळीत पसरून, वर लसूण आणि जाडं मीठ घालून भाजा.

१८. मधुमेहाला चालतो ना? ग्लुटेन निघून जातं म्हणतात.

ग्लुटेन निघून जात नाही. ज्यांना सीलिअ‍ॅकचा, म्हणजे ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा, त्रास आहे त्यांनी गव्हाचा सावरडो खाऊ नये, एक तुकडाही नाही. मधुमेहात, सावकाश आंबवलेल्या पावाने साखर थोडी हळू वाढू शकते, पण शेवटी ते पीठच. खाऊन दोन तासांनी साखर मोजा आणि डॉक्टरांना विचारा.

१९. मैत्रिणीने परदेशातून शंभर वर्षांचा स्टार्टर आणलाय. तो माझ्यापेक्षा चांगला असेल?

वयाने पाव चांगला होत नाही. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार खंडांतले ५०० स्टार्टर तपासले गेले. त्यांच्यातल्या फरकाचा भूगोलाशी संबंध फारच थोडा निघाला. रोज तुम्ही घालता ते पीठ आणि तुमच्या ओट्यावरची ऊब यांनी तो घडत जातो. आठवण म्हणून जरूर सांभाळा. तुमच्या दहा दिवसांच्या स्टार्टरने सलग तीन दिवस दुप्पट होऊन दाखवलं असेल तर पाव त्याचाही तितकाच छान होईल.

२०. मुलगी मुंबईला असते. तिला स्टार्टर कसा पाठवू?

एसटीने कुणी जाणार असेल तर प्रश्न ८ मधला घट्ट गोळा छोट्या डब्यात द्या. डबा अर्धाच भरा, नाहीतर खेड ओलांडायच्या आत झाकण उडतं. पोस्टाने पाठवायचा असेल तर सुकवा. फुललेला स्टार्टर बटरपेपरवर सुरीने पातळ पसरा, घरात पंख्याखाली ठेवा, कडक उन्हात नको, ४० अंशांच्या वर गेलं की यीस्ट मरायला लागतं. दीड-दोन दिवसांत पापडासारखा कडकडीत तुटला की चुरा करून घट्ट डब्यात भरा. हे काम फेब्रुवारी ते मे मध्येच करून ठेवा. पावसाळ्यात तो सुकत नाही, चामट राहतो आणि मग प्रश्न ९ पुढे उभा राहतो.

तिला एवढं लिहून द्या: १० ग्रॅम चुरा २० ग्रॅम कोमट पाण्यात दोन तास भिजवायचा, त्यात २० ग्रॅम पीठ कालवायचं, दुसऱ्या दिवसापासून प्रश्न ५ मधल्या तिसऱ्या दिवसासारखं चालू ठेवायचं. तीन-चार दिवसांत तो फुगायला लागेल.